जिनेवालीची आताची पट्टी

जिनेवालीला स्टेजवर शिंक आली आणि तिथून सगळं बिनसलं.

फर्निचरच्या एका दुकानाचं उद्घाटन होतं. ताज्या वार्निशचा वास नाकात नुसता घुसत होता. ‘जिना उतर’चं दुसरं कडवं चालू होतं आणि ऐन ओळीच्या मध्यावर तिला अशी शिंक आली की ती कमरेतून वाकली. डोळ्यांत पाणी, हातातला माईक गुडघ्यापाशी. आणि गाणं? गाणं चालूच. दोन्ही बाजूंच्या काळ्या खोक्यांतून तिचाच आवाज, बावीस वर्षांचा, कोवळ्या काकडीसारखा करकरीत, मजेत गात होता. समोरची माणसं टाळ्यांनी ताल धरत होती. एकाही चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. तिनं नाक पुसलं, माईक तोंडाशी आणला आणि पुढची ओळ पकडली. पकडली म्हणजे ओठांनी पकडली.

घरी येऊन तिनं थोरल्या बहिणीला सांगितलं, “अक्का, आज मी शिंकत होते तेव्हाही मी गात होते.”

अक्का शिवणयंत्रावर कुणाच्या तरी पँटची कंबर सैल करत होती. मान वर न करता म्हणाली, “बरंच की. मेल्यावरही गाशील. पोटापाण्याची काळजी मिटली.”

अक्काची जीभ तिच्या कात्रीपेक्षा धारदार. नवरा गेल्यापासून ती धाकटीकडे राहायला आली होती. इस्त्रीवाल्याच्या दुकानावर दोन खोल्या, खालून सतत वाफ वर यायची आणि भिंतींना कोमट घाम फुटायचा. अक्का थट्टेत बोलली खरी. पण ते वाक्य जिनेवालीच्या टाळूला जे चिकटलं ते काही केल्या सुटेना. मेल्यावरही गाशील. म्हणजे आता नक्की कोण गातंय?

तिला जिनेवाली हे नाव पडलं ते एका गाण्यानं. तरुणपणी ती चपलांच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाइकाच्या पायापाशी बसून पट्टे लावायची आणि गुणगुणायची. एक दिवस एका स्टुडिओवाल्याला बूट घालून देताना तिनं गुणगुणलं आणि त्यानं बूट घेतलेच नाहीत, हिलाच घेऊन गेला. एका दुपारीत गाणं उरकलं. ढोल नाही, बासरी नाही, एक माणूस एका खोक्याची बटणं दाबत होता आणि खोकं टकटक टकटक करत होतं. ती त्या टकटकीवर गायली:

जिना उतर, जिना उतर,
चपला घे हातात,
पायरी जर कुरकुरली तर
ओठ धर दातात.

घरच्यांना चुकवून प्रियकराकडे पळणाऱ्या पोरीचं गाणं. रिक्षात, केस कापायच्या दुकानात, कॉलेजच्या स्नेहसंमेलनात, जिकडं तिकडं तेच. त्यानंतर आणखी दोन गाणी चालली, मग चालायची थांबली. पण हत्ती गेला तरी शेपूट राहतंच. त्या शेपटाला धरून तिनं उभं आयुष्य काढलं. उद्घाटनं, निरोपसमारंभ, कंपन्यांचे वाढदिवस. आधी नुसतं संगीत वाजायचं आणि ती गायची. मग वय झालं, आवाज खाली बसला, वरचा सूर लागेना. तेव्हा कार्यक्रम घेणारा माणूस म्हणाला, “ताई, कशाला घशाला त्रास? जुनी अख्खी रेकॉर्ड लावू. तुम्ही फक्त हसा आणि ओठ हलवा. लोकांना काय, चेहरा तुमचा, आवाज तुमचा.”

हा माणूस इतका गोड बोलायचा की सगळे त्याला साखरतोंड्या म्हणत, तोंडावर नाही इतकंच. त्याचं म्हणणं तिला पटलं होतं. पटायला काय जातंय, सोपं होतं ना! आणि ती त्या कामात इतकी तयार झाली की कुठं श्वास घ्यायचा, कुठं मानेची शीर ताणायची, कुठं माईक जरा लांब न्यायचा, सगळं हुबेहूब. ओठात एक आणि पोटात एक, हे तिच्याइतकं कुणी खरं करून दाखवलं नसेल.

शिंकेनंतर थोड्याच दिवसांत मोरी तुंबली. प्लंबर आला. गुडघ्यावर बसून रबरी पंप दाबता दाबता तो शिट्टी वाजवू लागला. सूर ओळखीचा होता, पण चाल वाकडी. लय रेंगाळत होती, मध्येच थबकत होती, परत धावून गाठत होती. लंगड्या माणसानं उतारावरून मजेत यावं तशी.

“हे काय वाजवताय?” तिनं विचारलं.

“तुमचंच की ताई. जिना उतर.” तो जरा वरमला. “रविवारी आम्ही वाजवतो. आम्ही जरा… वाकडं करून वाजवतो.”

“आम्ही म्हणजे कोण?”

“बँड. कारखान्याचा.”

“कारखाना तर कधीच बंद पडलाय.”

“कारखाना पडला. बँडला कुणी सांगितलंच नाही.”

आतून अक्का ओरडली, “शिट्ट्या नंतर, आधी मोरी!”

*

रविवारी दुपारी ती गेली. कारखान्याची भट्टी थंड, फाटकाला गंज, पण कामगारांच्या उपाहारगृहाची किल्ली बँडमास्तरांकडेच राहिली होती. लांबलचक खोली. जेवण द्यायची खिडकी पत्र्यानं बंद केलेली, स्टीलची टेबलं भिंतीला रेटलेली, धुतलेल्या ताटांचा जुना वास अजून हवेत. मधोमध खुर्च्यांच्या रांगा. पुढं सॅक्सोफोन, मागं ट्रॉम्बोन, त्यांच्या मागं ट्रम्पेट. बाजूला पियानो, त्याच्या दोन पट्ट्या मुक्या. उभ्या माणसाएवढा मोठा, जाड तारांचा बेस. आणि ड्रमवर एक खाटीक, बनियनवर, हातात काठ्यांऐवजी तारेचे कुंचे.

मास्तर उंच होते आणि उंचीला लाजल्यासारखे वाकलेले. कारखाना चालू असताना शनिवारी इथं नाच असायचा. साहेब आणि कामगार, दोघांच्या बायका नटून यायच्या आणि हा बँड जॅझ वाजवायचा. पाठीशी पितळेची भिंत उभी करणारं, मोठ्या ताफ्याचं जॅझ. नाच संपले, पगार संपले, माणसं इतर धंद्यांना लागली. पण रविवार आला की पाय आपसूक इकडं वळायचे.

“आम्ही तुमचं गाणं तुम्हाला न विचारता घेतलं,” मास्तर म्हणाले. “रागावला नाहीत ना?”

“आधी ऐकते. मग रागावते.”

खाटकानं कुंचे फिरवले. बेस एकटाच सुरू झाला, एक एक सूर खाली, खाली, आणखी खाली. जिनेवालीनं ओळखलं. जिना होता तो. कुणीतरी अंधारात पाय चाचपत उतरत होतं. तिच्या मूळ गाण्यात जिना नावालाच होता, खोकं नुसतं टकटकत धावायचं. इथं प्रत्येक पायरी होती. मग सॅक्सोफोन हळूच कुजबुजले, मागून पितळ एकदाच भडकलं, जणू वरच्या खोलीत दिवा लागला आणि सगळे चिडीचूप.

“गा ना,” प्लंबर म्हणाला. त्याच्या एका हातात ट्रम्पेट आणि दुसऱ्या हातात तसाच मोरीचा रबरी पंप, दांडा काढलेला. ती रबरी वाटी ट्रम्पेटच्या तोंडावर उघडझाप केली की ट्रम्पेट माणसासारखं कण्हायचं, हसायचं, टोमणे मारायचं.

“तो धुतलाय ना?” तिनं विचारलं.

“तुमच्याकडचा वेगळा आहे ताई. हा खास घरातला.”

ती गायला उभी राहिली आणि पहिल्या वरच्या सुराला तिचा आवाज फाटला. जुनं धोतर फाटावं तसा टर्रकन. कुणी हसलं नाही. पुन्हा घेतलं. तो सूर तिनं कसाबसा चोरून ओलांडला आणि पुढं प्लंबरनं मध्येच एकट्याचं वाजवणं सुरू केलं. तिनं मनात मात्रा मोजल्या आणि नेमक्या जागी दुसरं कडवं सुरू केलं. थेट त्याच्या वाजवण्याच्या डोक्यावर.

मास्तरांनी हात वर केला. बँड थांबला.

“बाई, कुठं आग लागलीय का?”

“माझी जागा आली,” ती म्हणाली. “चार ओळींचं संगीत, मग दुसरं कडवं. इतकी वर्षं तिथंच येतं.”

“ते यंत्रात. यंत्राला काही सांगायचं नसतं, म्हणून ते वेळेवर संपतं. याला सांगायचंय.” त्यांनी प्लंबरकडं बोट दाखवलं. “याचं बोलणं झालं की तुम्ही.”

“आणि याचं बोलणं झालं हे मला कसं कळणार?”

खाटीक म्हणाला, “आम्हालाही नाही कळत. याच्या बायकोलाही नाही कळत.”

सगळा बँड खो खो हसला आणि त्या हसण्यात तिची लाज जरा विरघळली. मग मास्तरांनी हळूच विचारलं, “बाई, तुमची पट्टी कुठली?”

“रेकॉर्डची जी आहे ती.”

“रेकॉर्डची मला ठाऊक आहे. मान म्हणून मी तीच ठेवली, तिथं चूक माझी झाली. तुमची आताची कुठली?”

इतक्या वर्षांत तिला कुणी वजन विचारलं होतं, वय विचारलं होतं, साडी का गाऊन ते विचारलं होतं. हे नव्हतं विचारलं. तिलाच माहीत नव्हतं.

मग त्यांनी शोधली. एका ट्रॉम्बोननं लांब सूर धरला, ती त्यावर गायली. जड गेलं. ट्रॉम्बोनची नळी थोडी पुढं सरकली, सूर खाली आला. अजून जड. अजून खाली. हरवलेली किल्ली पायानं चाचपत शोधावी तसं चाललं होतं. आणि एका जागी तिचा आवाज बसला. दाट, खरखरीत, काठोकाठ. जुनी खुर्ची लादीवरून ओढावी तसा. तिला तो ओळखूच आला नाही. ती दचकून मागं वळली, कोण गातंय बघायला.

“हीच,” मास्तर म्हणाले आणि त्यांनी खिशातून पेन्सिल काढली. सगळ्यांच्या कागदांवरचे सूर नव्यानं लिहायचे, म्हणजे गाढवकाम. आठवडाभर ते करत बसले, आणि हूं का चूं नाही.

त्यानंतर तिनं रविवार चुकवला नाही. थांबायला शिकणं गाण्यापेक्षा अवघड निघालं. मास्तरांनी युक्ती सांगितली, “मात्रा मोजू नका, खांदे बघा. त्याचं सांगून होत आलं की खांदे खाली येतात.” खांदे बघायचे तर मागं वळायला हवं, लोकांकडं पाठ करून. आणि साखरतोंड्यानं तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं की लोकांना कधी पाठ दाखवायची नाही. ही सवय मोडताना तिची मान अवघडली. पण हळूहळू जमलं. तो वाजवतोय, ती पाठमोरी उभी आहे, हात कमरेवर, आणि ऐकतेय. स्वतःच्या गाण्यात स्वतः गप्प राहून ऐकायचं, ही चैन तिला ठाऊकच नव्हती.

अक्काला तिनं घरी नव्या पट्टीत गाऊन दाखवलं. अक्का म्हणाली, “पोलीसपाटलासारखा आवाज झालाय तुझा.” थोड्या वेळानं यंत्र थांबवून म्हणाली, “पुन्हा म्हण बरं.”

*

गावातलं मोठं नाट्यगृह दुरुस्त होऊन पुन्हा उघडायचं होतं. साखरतोंड्यानं दुपारचा मोठा कार्यक्रम धरला, जुन्या गाण्यांचा, आणि शेवटची मानाची जागा जिनेवालीला. तिनं सांगितलं, “मी बँडबरोबर गाणार. माझे माझे लोक आहेत.”

तो खुशच झाला. उपाहारगृहात येऊन त्यानं पितळ पाहिलं, मास्तरांच्या पाया पडायचाच बाकी राहिला. “काय चमक आहे! फोटोत काय दिसेल! ताई, तुम्ही पुढं लाल गाऊनमध्ये आणि मागं हे सगळं सोनं.” मग तिला बाजूला घेऊन, खांद्याला हात न लावता, पण लावल्यासारखं करून म्हणाला, “आवाज मात्र रेकॉर्डचा हं.”

“म्हणजे?”

“लोक जुनं ऐकायला येतात. जुनं लावू. हे मागं बसतील, तोंडाला लावतील, गाल फुगवतील. वाजवल्यासारखं करतील. तुम्हाला तर सरावच आहे.”

“आणि मी म्हटलं की नाही?”

साखर जराही कमी झाली नाही. “ताई, तुमच्यावाचून माझा एक कार्यक्रम होत नाही. वर्षभराचे लावलेत मी. या एकावर सगळे अवलंबून आहेत, इतकंच. पोटावर पाय कशाला द्यायचा आपणच आपल्या?”

तिनं हे बँडला सांगितलं. खाटकानं कुंचे पिशवीत घातले. “मी शो-केसमधली बाहुली व्हायला येणार नाही. दुकानात बकरं टांगलेलं असतं तेही खरं असतं.”

मास्तर म्हणाले, “बाई, मी खूप बेसूर फुंकलंय. खोटं कधी फुंकलं नाही.”

“फुंकू नका,” ती म्हणाली. “खोटं फुंकू नका, गालही फुगवू नका. वाद्यं मांडीवर घेऊन नुसते बसा. रेकॉर्ड संपेपर्यंत. पुढचं मी बघते.”

“आणि तिथं गेल्यावर तुमचे ओठ हलले तर?” प्लंबरनं विचारलं. वाईट हेतूनं नाही. सवय ही सवय असते, आणि त्याला तुंबलेल्या नळ्यांचा अनुभव होता.

“हलले तर उठून चालू लागा. मी आडवी येणार नाही, आणि परत इथं तोंडही दाखवणार नाही.”

घरी अक्कानं सगळं ऐकून घेतलं. “एका गाण्यावर दोन खोल्या चालल्या तुझ्या,” ती म्हणाली. “त्या पोरीनंच चालवल्या. तुझ्या त्या बावीस वर्षांच्या. तिला लाथ मारतेस?”

“लाथ नाही मारत. तिला मी आता रिटायर करते.”

“मग आपण खायचं काय? सूर?”

“तुझ्या पँटी आहेत की.”

“वा! बोल, बोल. खाईन तर तुपाशी.” अक्का तडतडली, पण उठून तिनं कपाटातला लाल गाऊन काढला. दोन्ही बगलांखाली उसवला आणि आत हातभर लाल कापड जोडायला घेतलं. जिनेवाली बघतच राहिली.

“काय बघतेस? ओठ हलवायला जागा लागत नव्हती. गायला छाती फुगायला नको?” अक्कानं दातानं दोरा तोडला. “पोलीसपाटलाला घट्ट कपडे चालत नाहीत.”

*

नाट्यगृहात नव्या रंगाचा वास होता. जिनेवालीनं आधीच दोनदा शिंकून घेतलं. विंगेतून तिला दिसत होतं, खुर्च्या भरलेल्या, बरीच माणसं तिच्या वयाची, पोरंबाळं घेऊन आलेली. मागं बँड बसला होता, पांढरे शर्ट, मांडीवर पितळ. खाटीक बनियनवर नव्हता, एवढ्यावरूनच समारंभ मोठा आहे हे कळत होतं.

तिचं नाव पुकारलं. ती मधोमध जाऊन उभी राहिली. टाळ्या, शिट्ट्या. आणि काळ्या खोक्यांतून टकटक टकटक सुरू झालं.

पहिली ओळ जवळ आली तशी तिच्या मानेची शीर आपोआप ताणली. ओठ विलग व्हायला लागले. घोडं पेंड कुठं खातं ते प्लंबरनं बरोबर ओळखलं होतं. तिनं खालचा ओठ दातांत धरला. माईक खाली घेतला, दोन्ही हातांनी पोटापाशी धरला, आणि समोर बघत उभी राहिली.

“जिना उतर, जिना उतर,” बावीस वर्षांची पोरगी गाऊ लागली.

पहिल्या ओळींना लोकांच्या काही लक्षात आलं नाही, टाळ्या चालू होत्या. मग पुढच्या रांगेतल्या टाळ्या अडखळल्या. त्यांच्यामागच्या थांबल्या. गाणं चालूच. आवाज नाट्यगृहभर घुमतोय आणि गाणारी बाई तोंड मिटून उभी, बँड हाताची घडी घालून बसलेला. माणसं एकमेकांकडं बघू लागली. विंगेतून साखरतोंड्या आपल्याच ओठांवर बोट नाचवत होता, हलव, हलव. ती त्याच्याकडं बघून हसली. ओठ न उघडता.

बाल्कनीतल्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, “ओ ताई! आत कोण गातंय?”

हशा पिकला. तिनं खांदे उडवले. पुन्हा हशा. कुणाला वाटलं ही गंमतच बसवलेली आहे, कुणाला राग आला, एक जोडपं पोराचा हात धरून उठलं. जिनेवालीच्या पाठीवरून घामाचा ओघळ उतरत होता, अक्कानं जोडलेल्या कापडापर्यंत. गाणं इतकं लांब आहे हे तिला त्या दिवशी कळलं. उभ्या जन्मात तिनं ते कधी नुसतं ऐकलंच नव्हतं. पोरगी बरी गात होती. हावरट गात होती, श्वास पुरवून न वापरता, जणू तो फुकट मिळतो. तिला त्या पोरीचं कौतुक वाटलं, आणि ती आपली कुणी लागत नाही हेही वाटलं.

गाणं संपलं. एकही टाळी नाही.

तिनं माईक वर घेतला. आणि तिचं बोलणं ऐकून पुढची रांग दचकली, इतका तो आवाज वेगळा.

“तिला टाळ्या द्या की. चांगली गायली. तिला भूक लागत नाही, शिंक येत नाही, गुडघे दुखत नाहीत. इतकी वर्षं ती गात होती आणि मी ओठ हलवत होते. आज तिला सुट्टी. आता मी…”

माईक मेला. साखरतोंड्यानं विंगेतून बटण बंद करवलं होतं. खोकीही मुकी झाली. तिनं माईककडं बघितलं आणि तो फरशीवर नीट आडवा ठेवला, जिवंत माणसाला निजवावं तसा. मग लोकांकडं पाठ केली.

मास्तर उभे राहिले. पितळेला कुठं वीज लागते!

बेस उतरायला लागला, पायरी, पायरी, पायरी. खाटकाचे कुंचे फिरले. मास्तरांनी तळहात खाली दाबला तसं सगळ्यांनी ट्रम्पेटच्या, ट्रॉम्बोनच्या तोंडावर जे हाताशी होतं ते धरलं, टोप्या, रुमाल, रबरी वाट्या. इतकं मोठं पितळ इतक्या हळू आवाजात गुरगुरायला लागलं की शेवटच्या रांगेला तिचा श्वाससुद्धा ऐकू गेला. ती वळली आणि गायली. तिच्या आताच्या पट्टीत.

तेच शब्द. पण आता उतरणारी बाई पन्नाशीची होती. चपला हातात होत्या त्या कुणाला कळू नये म्हणून नाही, पाय सुजलेत म्हणून. पायरी कुरकुरली तर तीही उलट कुरकुरत होती. ‘ओठ धर दातात’ ही ओळ तिनं म्हटली आणि क्षणभर थांबून विंगेकडं बघितलं. तेव्हा मात्र सगळं नाट्यगृह फिसकन हसलं.

मग प्लंबर उठला आणि वाजवायला लागला. असा सुटला की थांबेना. रबरी वाटी उघडझाप करत तो नाट्यगृहाशी भांडला, त्याची समजूत घातली, त्याला चिडवलं. रेकॉर्डवर जिथं दुसरं कडवं यायचं ती जागा आली आणि गेली. जिनेवाली पाठमोरी, हात कमरेवर, त्याचे खांदे बघत उभी. ते वरच होते. मास्तरांनी भुवई उंचावली. तिनं मान हलवली, बोलू द्या त्याला. तिच्या पाठीमागं काही खुर्च्या धाडधाड मिटल्या, माणसं निघाली होती. ती वळली नाही. जाणारे जावोत, ज्यांना थांबायचं ते थांबलेत.

खांदे खाली आले. ती फिरली. दुसरं कडवं तिनं असं उचललं की मास्तरांनी मुठी सोडल्या, टोप्या, रुमाल, वाट्या बाजूला झाल्या आणि पितळेची अख्खी भिंत नाट्यगृहावर कोसळली.

*

टाळ्या झाल्या. सगळ्यांनी वाजवल्या असं नाही. काहींनी उभं राहून वाजवल्या, काही हाताची घडी घालून बसले. बाहेर पडताना एका टक्कल पडलेल्या माणसानं तिला गाठलं. रडवेला झाला होता. “ताई, माझ्या लहानपणचं गाणं होतं हो ते. बिघडवलंत तुम्ही.”

“दादा, तुमचं लहानपण मी कुठवर सांभाळू?” ती म्हणाली. “माझं म्हातारपण आलंय.”

साखरतोंड्या मागच्या दाराशी उभा होता. आज पहिल्यांदाच त्याच्या तोंडात साखर नव्हती. “संपलं तुझं. वर्षभराचे सगळे रद्द. आता तुला कोण बोलावतं बघतोच.”

“तिला बोलवा की,” जिनेवाली म्हणाली. “रेकॉर्ड आहे तुमच्याकडं. ती शिंकत नाही.”

तो पुढं काहीतरी म्हणाला, पण खाटीक ड्रम घेऊन मधून गेला आणि ते त्या मोठ्या पिंपाच्या पलीकडंच राहिलं.

घरी पोचेपर्यंत उजेड होता. खालचा इस्त्रीवाला दुकान आवरत होता. तिच्या गुडघ्यांत कळ येत होती, टाचा सोलल्या होत्या. तिनं चपला काढून हातात घेतल्या आणि कठडा धरून चढायला लागली. अर्ध्यावर दम लागला म्हणून टेकली.

वरून अक्का वाकली. ती नाट्यगृहात मागच्या रांगेत बसून आधीच परत आली होती, पण ते सांगायची नाही. “उतर उतर म्हणायला काय जातंय? चढून दाखव आता.”

“रद्द झाले सगळे, अक्का.”

“कळलं. इस्त्रीवाल्याला विचारलंय मी. त्याच्याकडचे उसवलेले कपडे इथंच पाठवणार आहे.” अक्का खाली दोन पायऱ्या उतरली, तिच्या हातातल्या चपला घेतल्या. “गाऊन काढून दे. डाव्या बगलेत उसवलाय, मला मागून दिसत होता. रविवारच्या आत शिवायला हवा.”

“गाऊन घालून तिथं कोण जातं? उपाहारगृह आहे ते.”

“मग काय पोलीसपाटील बनियनवर गाणार?” अक्का म्हणाली आणि पुढं होऊन दार उघडून उभी राहिली.

जिनेवाली कठड्याला धरून उठली आणि उरलेल्या पायऱ्या चढली. प्रत्येक पायरी कुरकुरली. तिनं ओठ दातांत धरला नाही.